सहा दिवस आणि डोंगरी बुजरुक

तुम्ही इंटर क्लासच्या डब्यात बसला आहात. साल १८९३. नागपूरहून सुटलेली गाडी राजनांदगावला चालली आहे. भंडारा रोडला धोतराचा सोगा सावरत एक माणूस चढतो, तुमच्या कपड्यांकडे जरा निरखून पाहतो आणि विचारतो, "का जी, कोठी चालले?" तुम्ही म्हणता, "मागं." गाडी तर पुढे चालली आहे. तो मान हलवतो आणि खिडकीबाहेर धानाच्या बांध्या बघत बसतो. नागपूरकडच्या माणसांचं काही सांगता येत नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं.

समोरच्या बाकावर तिशी ओलांडलेला एक कवी आहे. नाव नारायण वामन टिळक. त्याच्याजवळ बसलेला गोरा गृहस्थ संस्कृत काव्यावर बोलतो आहे. भवभूतीचा विषय निघतो, मग धर्माचा, आणि उतरायच्या आधी तो टिळकांच्या हातात 'नवा करार' ठेवतो. मोकळ्या मनाने वाचलंत तर दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, अशा अर्थाचं काहीतरी सांगूनही जातो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थाचं नाव टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. त्या पुस्तकात सृष्टीच्या सहा दिवसांची कथा नाही. ती जुन्या कराराच्या पहिल्याच पानावर, 'उत्पत्ती'त आहे. टिळकांना ओढलं ते डोंगरावरच्या प्रवचनाने. पृथ्वीचं वय किती, या हिशोबासाठी कोणी धर्म बदलत नाही. वाद मात्र नेमका त्याच हिशोबावर पेटतो.

आणि हिशोब तर छापील आहे. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात बायबलातल्या वंशावळी, राजांच्या कारकिर्दी आणि इतर राष्ट्रांचे इतिहास जुळवून सृष्टीचा आरंभ इसवी सनपूर्व ४००४ साली, ऑक्टोबरच्या २३ तारखेच्या आदल्या संध्याकाळी झाला असं ठरवलं. हा आकडा पुढे इंग्रजी बायबलच्या समासात छापला जाऊ लागला आणि वाचणाऱ्याला तोही पवित्र लेखाचाच भाग वाटू लागला. समासात छापलेल्याची ही ताकद कमी लेखू नका. तुम्ही सांगून ठेवलेल्या "मागं"ला अशरने एक भिंत घातली आहे, सहा हजार वर्षांपलीकडे गाडी जात नाही.

तुमसर रोड मागे पडतं. वैनगंगेचा पूल खडखडतो. गोंदिया, आमगाव, सालेकसा. हा सगळा मुलूख अजून भंडारा जिल्ह्यातच आहे. गोंदिया वेगळा व्हायला १९९९ साल उजाडायचं आहे. दरेकसाला डोंगर अंगावर येतात. उतरा इथे. बायबल डब्यात बसून पुढे जाऊ द्या, कारण या जंगलात सृष्टीची एक कथा त्याच्याआधीपासून राहते आहे.

कचारगडच्या गुहेचं तोंड एवढं मोठं आहे की आत गेल्यावरही बराच वेळ उजेड सोबत येतो. गोंडांची परंपरा सांगते की काली कंकालीची मुलं इथे कोंडली गेली होती, तोंडाशी प्रचंड शिळा होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांना सोडवलं. शिळा हलली ती हिरासुका पाटालीरच्या संगीताने, आणि तो त्याच शिळेखाली गेला. सुटलेल्या मुलांना लिंगोने गोत्रं दिली, देव वाटून दिले, कोणी कोणाशी सोयरीक करायची ते ठरवून दिलं. आज माघ पौर्णिमेला इथे जत्रा भरते आणि पाच-सहा राज्यांतून माणसं येतात. आकाश कधी झालं, पाणी कधी, प्रकाश कधी, याची गोंडांच्या कथेला फारशी फिकीर नाही. तिचा प्रश्न वेगळा आहे: आपण कोण, आणि कोणाचे कोण?

ही कथा पहिल्यांदा कागदावर उतरवून घेणाऱ्यांपैकी एक माणूस त्याच बायबलचा प्रचारक होता, ज्याच्या पहिल्या पानावर सहा दिवस आहेत. त्याला भेटायला आणखी चाळीस वर्षं मागे आणि पश्चिमेला चला. वाटेत रेल्वे नाहीशी होईल. नागपूर ते रायपूर बैलगाडीचा रस्ता उरेल. भंडाऱ्यात पितळेची भांडी ठोकण्याचा आवाज येत असेल, गावागावांत मामा तलाव भरलेले असतील, आणि सगळ्यावर नागपूरकर भोसल्यांचं, तिसऱ्या रघूजींचं राज्य असेल.

१८५१. नागपूरच्या वायव्येला टाकळी नावाचं खेडं. ओसाड काळ्या टेकाडांवरून दोन पाद्री चालले आहेत. एक रॉबर्ट हंटर. दुसरा स्टीफन हिस्लॉप, ज्याच्या नावाचं कॉलेज विदर्भातल्या प्रत्येक घराला ऐकून माहीत आहे. वय चौतीस. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा मिशनरी, १८४५ पासून नागपुरात. उन्हापासून बचावासाठी मोठी टोपी, हातात हातोडी. तुम्ही त्यांच्या मागे चाला, पण फार जवळ नको.

काळ्या बसाल्टच्या दोन थरांमध्ये एक फिकट पट्टा आहे, काही ठिकाणी वीतभर, काही ठिकाणी त्याहून जाड. लाव्हा, मग ही माती, मग पुन्हा लाव्हा. हंटर खाली वाकतो. दगडात गोगलगायीचा शंख आहे. हिस्लॉप तो घेतो, फुंकर घालतो, उन्हाकडे धरतो. शंखाचं तोंड डावीकडे उघडतं. बहुतेक गोगलगायी उजवीकडे वळतात. ही डावखुरी म्हणजे फायसा, गोड्या पाण्यातली. दख्खनच्या लाव्हांमध्ये असे शंख याआधीही सापडले होते, पण इथे त्यांच्यासोबत फळं आहेत, बिया आहेत, लाकूड आहे, माशांचे खवले आहेत, भुंग्यांच्या पंखांची कवचं आहेत. पुढच्या काही वर्षांत या दोघांनी मिळवलेलं पेट्यांत भरून लंडनला गेलं, आणि नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा त्यांचा लेख तिथल्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ मध्ये छापून आला.

आता तुमच्या मनात जो प्रश्न आहे तो विचारायचा मोह आवरा. "साहेब, सहा हजार वर्षांत हे कसं बसतं?" कारण हिस्लॉप तुमच्याकडे जरा आश्चर्यानेच बघेल. तो ज्या चर्चमधून आला त्याचे पहिले मॉडरेटर थॉमस चामर्स. मोशेच्या लिखाणाने पृथ्वीचं वय ठरवून ठेवलेलं नाही, असं ते या शतकाच्या आरंभीच सांगून बसले होते. आरंभी देवाने आकाश व पृथ्वी केली, आणि पहिला दिवस सुरू झाला, या दोहोंच्या मध्ये कितीही लांब काळ मावतो, असा त्यांचा तोडगा. त्याच चर्चचं 'द विटनेस' हे वर्तमानपत्र चालवणारा ह्यू मिलर हा मुळात दगडफोड्या, नंतर स्कॉटलंडमधला सर्वांत लोकप्रिय भूशास्त्रलेखक; त्याच्या मते उत्पत्तीतले दिवस म्हणजे युगं. शिवाय हिस्लॉप जन्मला बर्विकशरमधल्या डन्स गावी, आणि त्याच परगण्याच्या किनाऱ्यावर, सिकार पॉइंटला, जेम्स हटनने १७८८ साली उभ्या थरांवर आडवे थर दाखवून काळाचा तळ दिसत नाही हे सांगितलं होतं. नागपूरच्या शाळेत हा माणूस सकाळी बायबल शिकवतो आणि सुट्टी मिळाली की दगड फोडतो. त्याला त्यात चोरी वाटत नाही.

हे आपल्याला पचायला जड जातं. धर्मग्रंथाचा पाद्री आणि विज्ञानाचा शास्त्रज्ञ समोरासमोर उभे राहतील अशी आपण रंगमंचाची मांडणी करून आलेलो असतो. मध्य भारतात मात्र भूतकाळाचं दार पाद्र्यानेच उघडलं. पृथ्वी सहा हजार वर्षांचीच आहे, अख्ख्या खडकांची चळत नोहाच्या एका पुराने रचली आहे, हा आज अमेरिकेतून जगभर निर्यात होणारा आग्रह हिस्लॉपच्या पिढीतल्या शिकल्या-सवरलेल्या धर्मनिष्ठांनी मागे टाकला होता. तो नव्याने उभा राहिला विसाव्या शतकात: जॉर्ज मॅक्रेडी प्राइसचं 'द न्यू जिऑलॉजी' १९२३ चं, व्हिटकॉम्ब आणि मॉरिस यांचं 'द जेनेसिस फ्लड' १९६१ चं. जुना धर्म म्हणून जो आपल्याला दाखवला जातो त्याचा बराचसा भाग आपल्या आजोबांहून तरुण आहे.

टाकळीचा तो फिकट पट्टा पुराच्या गोष्टीला फार त्रासदायक आहे. तो का, हे बघायला आता भिंत ओलांडा. खाली उतरा, सहा कोटी साठ लाख वर्षं.

पाय ठेवाल तिथे जपून ठेवा, कारण भारत अजून बेट आहे, विषुववृत्ताच्या दक्षिणेला, उत्तरेकडे सरकतो आहे. पश्चिमेचं क्षितिज लालसर आहे. तुम्ही उभे आहात ती जमीन म्हणजे थंड झालेला लाव्हाच, पण त्याला आता भेगा पडल्या आहेत, भेगांत माती साठली आहे, मातीत झाडं उगवली आहेत. खोलगट भागात तळं आहे. तळ्यात डावखुरी गोगलगाय दगडावरून सावकाश चालली आहे. चिखलात तिच्या आजीचे, पणजीचे, खापरपणजीचे शंख आहेत. तळ्यापलीकडे काहीतरी मोठं पाणी प्यायला आलं आहे. ते काय ते तुम्हीच बघा, हिस्लॉपला ते कळलं नव्हतं. याच थरांतून डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे हाती आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

मग एके दिवशी पुन्हा लाव्हा येतो. तळं भाजून निघतं, वर काळा खडक बसतो. आणि मग काही हजार वर्षांनी त्याच्यावर दुसरं तळं. एका पुराला हे जमत नाही. पुराने गाळ आणला असता; तळं वसवून, त्यात गोगलगायींच्या पिढ्या नांदवून, वर लाव्हा ओतून, परत तळं वसवून दाखवलं नसतं. इथे प्रत्येक थर आपापला वेळ मागतो.

आणि तरी हिस्लॉपने या थरांचं वय चुकवलं होतं. त्याने ते डायनोसॉरांनंतरच्या इओसीन काळातले मानले, आणि कोळशाच्या थरांतल्या वनस्पती ज्युरासिकच्या. आज पहिले क्रिटेशियसच्या शेवटाशी बसतात, दुसरे पर्मियनमध्ये, म्हणजे हिस्लॉपच्या अंदाजापेक्षा कितीतरी जुने. त्याच्याकडे वर्षं मोजायचं साधनच नव्हतं. कोणता थर आधी, कोणता नंतर, एवढंच त्याला सांगता येत होतं. झिरकॉनच्या कणात युरेनियम किती शिल्लक आणि शिसं किती झालं हे मोजण्याची विद्या विसाव्या शतकातली. क्लेअर पॅटर्सनने १९५६ मध्ये पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं दाखवलं ते त्याच जातीच्या मोजमापाने. हिस्लॉपचा आकडा खोडला गेला आणि त्याचा कोणाला राग आला नाही. माझ्या मते दोन विश्वदृष्टींमधली खरी फट इथे आहे. देव मानतो की मानत नाही, ही ती फट नव्हे. आपल्या सांगण्यातली चूक पुढच्याला सापडावी अशी सोय कोणी ठेवली आहे, हा प्रश्न आहे. अशरची तारीख चुकीची ठरली तर समास कोरा ठेवावा लागतो, आणि मग पूर्ण पानच हलू लागतं अशी भीती वाटते. हिस्लॉपची तारीख चुकली तर शंख जागेवरच राहतो.

खाली चला. पंचवीस कोटी वर्षं. नागपूरच्या दक्षिणेला मांगली. लालसर वाळूची नदी, आणि काठावर चपट्या, रुंद डोक्याचं एक जनावर पडलेलं, बेडकाच्या दूरच्या भाऊबंदांपैकी. त्याची कवटी हिस्लॉप-हंटरच्या संग्रहातून लंडनला रिचर्ड ओवेनकडे गेली आणि त्याने तिला ब्रॅकिऑप्स असं नाव दिलं. हा ओवेन म्हणजे 'डायनोसॉर' ही संज्ञा घडवणारा, आणि १८६० मध्ये डार्विनच्या पुस्तकावर निनावी, जहरी परीक्षण लिहिणाराही तोच. कवटी मिळवणारा पाद्री, वर्णन करणारा डार्विनचा विरोधक. आणि असल्याच जनावरांचे नातलग पुढे ऑस्ट्रेलियात सापडले, तेव्हा ती कवटी दोघांच्याही मर्जीबाहेर जाऊन भलतंच बोलू लागली: या जमिनी एकेकाळी जोडलेल्या होत्या.

थोडं आणखी खाली उमरेड-कामठीकडे थंड दलदलीत ग्लॉसोप्टेरिसची जंगलं आहेत, जिभेच्या आकाराची पानं चिखलात थरावर थर पडत आहेत, त्यांचाच पुढे कोळसा होणार आहे. हीच पानं १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेल्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीच्या स्लेजवर, दगडांत सापडली. उपासमारीतही त्यांनी ते सोळा-एक किलो दगड टाकले नव्हते. ते गोळा करणारा एडवर्ड विल्सनही कडवा श्रद्धावान ख्रिस्ती होता. अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि उमरेड यांना जोडणाऱ्या त्या खंडाला नाव मिळालं ते या मुलखाचंच, गोंडवन.

भंडारा मात्र अजून आलेला नाही. इथले खडक या सगळ्यांपेक्षा म्हातारे आहेत. नागपूरचा लाव्हा पूर्वेकडे येता येता संपतो. बहुतेक भंडारा त्याच्या काठाबाहेर राहतो. म्हणून आता तुमसर तालुक्यात, डोंगरी बुजरुकच्या मँगनीजच्या उघड्या खाणीत उभे राहा आणि तिथून उतरा. शंभर कोटी वर्षांहून खाली. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा बांधा, ही सूचना गमतीची नाही.

समोर पाणी आहे. जमिनीवर एक पान नाही, एक गवताची काडी नाही, किडा नाही. पाण्यात मासा नाही. चंद्र नेहमीपेक्षा मोठा वाटतो, कारण तो जवळ आहे. दिवस भराभर सरतो, जेमतेम एकोणीस-वीस तासांत संपतो. उथळ पाण्यात चिकट, हिरवट चादर पसरलेली आहे, सूक्ष्म जीवांची. सूर्यप्रकाश घेऊन ते जीव पाण्यात प्राणवायू सोडत आहेत. पाण्यात विरघळलेल्या मँगनीजला तो प्राणवायू भेटला की ते काळं होऊन तळाशी बसतं, गाळात मिसळतं. पुढे हा गाळ पृथ्वीच्या पोटात दाबला जाईल, तापेल, दुमडेल, त्याच्यावर डोंगर येतील आणि झिजून जातील. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एल. एल. फर्मर नावाचा सरकारी भूशास्त्रज्ञ या खडकांवर जाडजूड ग्रंथ लिहील आणि त्यांतल्या एका खडकाचं नाव ठेवील गोंडाइट. त्यानंतर डोंगरीचा मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या कारखान्यांना जाईल. तुमच्या घरातल्या जुन्या टॉर्चच्या सेलमध्ये या समुद्राचं काही असू शकेल.

आणि इथे, या अंधाऱ्या पाण्यापाशी, एक मोह होतो. उत्पत्तीच्या सुरुवातीलाही पाणीच आहे, अंधारच आहे, आणि पाण्यावर काहीतरी वावरतं आहे. किती जुळतं! आपल्याकडे हाच मोह दशावतारांच्या बाबतीत होतो. मत्स्य म्हणजे मासे, कूर्म म्हणजे उभयचर, वराह म्हणजे सस्तन, आणि डार्विनच्या आधीच आपल्याला सगळं ठाऊक होतं. महात्मा फुल्यांना स्कॉटिश मिशनच्याच शाळेने शिकवलं होतं, आणि त्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त मत्स्य, कच्छ, वराह या अवतारांना आर्यांच्या स्वाऱ्यांचे नायक केलं. प्राण्यांचा क्रम त्यांना त्यात दिसला नाही. कथा अशी लवचीक असते. हवं ते तिच्यात भरता येतं, म्हणून ती टिकते, आणि म्हणूनच ती पुरावा म्हणून उपयोगाची नाही. उत्पत्तीत झाडं तिसऱ्या दिवशी उगवतात आणि सूर्य चौथ्या दिवशी येतो. तुमच्या डोक्यावर सूर्य आहे आणि झाडं यायला अजून कोट्यवधी वर्षं आहेत. जुळवाजुळव करायचीच तर जे जुळत नाही तेही सांगावं लागतं.

आता वर चला, आणि १८६३ च्या सप्टेंबरला नागपूरच्या दक्षिणेला थोडे थांबा. टाकळघाटची दगडी वर्तुळं खोदली जात आहेत, माणसाच्या खूप जुन्या दफनाची. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल तिथे आहेत, हिस्लॉपही आहे. चार तारखेला तो बोरीकडे निघतो. पाऊस पडून गेला आहे, नाल्याला पाणी आहे. घोडा परत येतो, स्वार येत नाही. डार्विनचं पुस्तक निघून चार वर्षंही पुरी झालेली नसतात. टेंपलने नंतर हिस्लॉपची बाडं चाळून १८६६ मध्ये आदिवासींविषयीची टिपणं छापली. त्यात एका परधानाकडून ऐकलेलं लिंगोचं लांबलचक गाणं गोंडीत होतं, इंग्रजीसह. त्या गाण्यात गुहा होती, शिळा होती, पूरही होता. आणि त्यात वाहून जाणाऱ्या गोंडांना वाचवायला कासव आलं होतं. उत्पत्ती शिकवणाऱ्या माणसाने दुसऱ्यांची उत्पत्ती शब्दाला शब्द लिहून घेतली आणि मध्येच सुधारायला गेला नाही. त्याच्या हातून झालेल्या कामांत मला हे शंखाइतकंच मोलाचं वाटतं.

वर, आणखी वर. फ्री चर्चवाले १८८२ मध्ये भंडाऱ्यात ठाणं मांडतात. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवली म्हणून एका शिक्षकावर खटला चालतो. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे म्हणतात की उत्क्रांती आता निव्वळ अटकळ राहिलेली नाही. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर कॅथलिक पाद्री घडवणारी सेमिनरी आहे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं प्रादेशिक कार्यालयही आहे, आणि हिस्लॉपची टाकळी तिथून हाकेच्या अंतरावर शहराच्या पोटात गेली आहे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादच्या वैदिक संमेलनात केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह सांगतात की डार्विनचा सिद्धांत चूक आहे, कारण माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिलेलं नाही. देशातल्या विज्ञान अकादमींना निवेदन काढावं लागतं. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळल्यावर अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षक पत्रावर सह्या करतात. म्हणजे इथे भांडायला बायबलची गरज उरली नाही.

महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मात्र पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. तुमसरच्या एका वर्गात मागच्या बाकावर बसा. पावसाळा आहे, खिडकीतून रोवणीचा चिखल दिसतो. सर जीवाश्मांवर आले आहेत. पुस्तकात कार्बन वयमापन दिलं आहे, आणि सर तिथे जरा थांबून सांगतात की ही पद्धत पन्नास-साठ हजार वर्षांपलीकडे चालत नाही, त्याहून जुन्या खडकांना युरेनियम आणि पोटॅशियम लागतं. बरं वाटतं ऐकून. फळ्यावर सहा कोटी साठ लाख असा आकडा पडतो.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी हात वर करते. तिची आजी दर माघात कचारगडला जाते, आणि तिच्या शेजारच्या मुलीच्या घरी दर रविवारी बायबल वाचलं जातं.

"सर, हे कोनी पाह्यलं का?"

वर्ग हसतो. सर हसत नाहीत. ते बहुधा या प्रश्नाची वाट बघत होते, आणि तो मंत्र्याने विचारला तसा नाही हेही त्यांना कळतं. मंत्र्याने उत्तर ठरवून प्रश्न केला होता. हिला खरंच माहीत करून घ्यायचं आहे.

तुम्ही मागच्या बाकावर अस्वस्थ होता. पाहिलं आहे की! तळं पाहिलं, लाव्हा पाहिला, डोंगरी बुजरुकवरचा मोठा चंद्र पाहिला. उठून सांगावंसं वाटतं. पण उठलात तर काय होईल याचा विचार करा. तुम्ही सांगाल, काही मुलं विश्वास ठेवतील, काही ठेवणार नाहीत, आणि वर्गात आणखी एक कथा तयार होईल, तुमच्या शब्दावर उभी. तपासायला कोणाला काही मिळणार नाही. या विषयात साक्षीदार चालत नाही, तुमच्यासारखा डोळ्यांनी पाहून आलेलासुद्धा नाही.

सर टेबलाच्या खणातून काहीतरी काढतात. नागपूरच्या एका खदानीतून कधीतरी आणलेला खडकाचा तुकडा, फिकट, त्यात शंख. तो पहिल्या बाकावरून मागे सरकत येतो. मुलं घासून बघतात, एक जण जीभ लावून बघतो, एक जण मोबाइलवर फोटो काढायला जातो आणि ओरडा खातो. मुलगी तो दप्तरावर ठेवते. दप्तराच्या कप्प्यातून दुसरा एक शंख काढते, बांधीतला, कालपरवाचा, रोवणीच्या वेळी सापडलेला. दोन्ही शेजारी ठेवते. बराच वेळ उलटसुलट करते.

"सर, मायावाला उजवीकडं फिरते. हा डावीकडं कायले फिरला?"

सर खडू खाली ठेवतात आणि तिच्या बाकाकडे यायला निघतात.